ऐनवेळचा संचालक

१९३०च्या दशकातला मुंबईचा एक फोटो आहे. पियानोवर वॉल्टर कॉफमन, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीच्या सुरुवातीच्या वर्षांतला हा फोटो. सोसायटी कॉफमन यांनी काढलेली आणि तिचे कार्यक्रम दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात होत. कॉफमन कार्ल्सबादचे ज्यू. युरोपातली हवा बिघडू लागली तशी त्यांनी फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबई गाठली. भारतच का, याचे त्यांनी पुढे दिलेले कारण अगदी साधे होते : इथला व्हिसा सहज मिळत होता.

वाद्यवृंद संचालक झुबिन मेहतांच्या कारकिर्दीचा शोध घ्यायचा तर सुरुवात या फोटोपासून करावी असे मला वाटते. झुबिन त्यात नाहीत, त्यांचे वडील मेहली आहेत. त्यांचा जन्म मुंबईचाच, पण २९ एप्रिल १९३६चा. तरीही लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, तेल अविव्ह आणि व्हिएन्ना इथे पुढे जे घडले त्याची सामग्री या फोटोत हजर आहे : पोटासाठी आणि जिवासाठी मुंबईत आलेला युरोपीय कलावंत, घरच्या घरी व्हायोलिनवर हात बसवलेला पारशी तरुण, आणि दर आठवड्याला ठरल्या वारी वाजवण्याची शिस्त. झुबिन मेहतांची गोष्ट बहुतेक वेळा चमत्कारासारखी सांगतात. सिंफनीचा गंध नसलेल्या देशातून एक मुलगा उठला आणि पंचविशीत त्याने जगातले मोठे वाद्यवृंद हाताळले, असा तिचा सूर असतो. कागद जुळवत गेले की चमत्कार मागे पडतो आणि मुंबईतल्या वीस वर्षांचे काम पुढे येते. मला त्या कामाचे मोल चमत्कारापेक्षा जास्त वाटते.

कॉफमन पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. पहाटे रेडिओ लावला की जी संकेतधून कानावर पडायची ती त्यांची. तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे सर्रास सांगितले जाते. फोटो या सांगण्याला बळ देतो. दोघे एकाच काळात, एकाच शहरात, आठवड्यामागून आठवडे एकत्र वाजवत होते, एवढे त्यातून सिद्ध होते. पण धून मुद्रित झाली त्या दिवशी गज कोणाच्या हातात होता याचा तो पुरावा नव्हे. शक्यता दाट आहे, म्हणून ती शक्यता म्हणूनच लिहावी. कॉफमन १९४६ मध्ये भारतातून गेले आणि १९४८ पासून कॅनडात विनिपेगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक होते. म्हणजे या फोटोतूनच एक आंतरराष्ट्रीय संचालक निघाला होता, झुबिनच्या आधी.

मेहलींचा जन्म १९०८चा. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात सिंफनी वाजवायची तर पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, व्हायोला, चेलो आणि डबल बास एवढी तंतुवाद्येच चाळीसच्या पुढे लागतात. त्याशिवाय बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि टिंपनी. एक ओबोवाला आजारी पडला तर अख्ख्या सिंफनीत भोक पडते. ही माणसे मुंबईत कुठून आणायची? काही पारशी हौशी मंडळी होती, काही युरोपीय होते, आणि कणा होता तो गोवेकरांचा.

गोवेकर वादकांविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण झुबिनच्या चरित्रात त्यांच्या वाट्याला जेमतेम अर्धे वाक्य येते. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या जोडीने चालणाऱ्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्यामुळे गावाकडून मुंबईत आलेला मुलगा समोर ठेवलेला कागद वाचून थेट वाजवू शकायचा. हे कौशल्य त्या काळी देशात फार थोड्यांकडे होते. ते दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांच्या बँडमध्ये विकले जाई. त्यातून वेळ काढून हीच माणसे बेथोव्हन वाजवायला बसत. फुंकवाद्यांची उणीव नौदलाच्या बँडमधले वादक भरून काढत. बेल्जियन संचालक ज्यूल्स क्रेन यांनी या वाद्यवृंदाचे संचालन केले. मेहली कॉन्सर्टमास्टर होते, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या रांगेत सर्वांत पुढे बसणारे. अख्ख्या तंतुवाद्यांचा गज कधी वर आणि कधी खाली जायचा हे त्या खुर्चीवरून ठरते. कार्यक्रम सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत. आज त्या वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

मेहलींच्या परिचयांत एक ठरावीक वाक्य आढळते : त्यांनी बॉम्बे सिंफनीत दहा वर्षे कॉन्सर्टमास्टर म्हणून आणि त्यानंतरची दहा वर्षे, १९४५ ते १९५५, संचालक म्हणून काम केले. वाक्य कसे नेटके आहे! आता दुसरा धागा घ्या. १९४५ मध्ये मेहली व्हायोलिनचे पुढचे शिक्षण घेण्यासाठी न्यूयॉर्कला इव्हान गॅलामियन यांच्याकडे गेले आणि चारएक वर्षे तिकडेच राहिले, हे कुटुंबाच्या आठवणींत पक्के आहे. वडील न्यूयॉर्कला गेले तेव्हा झुबिन नऊ वर्षांचा होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील?

आम्हा जुन्नर तालुक्यातल्या माणसांना असा पेच अनोळखी नाही. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी, नदीच्या जुन्या गाळात, ज्वालामुखीची राख सापडते आणि तिच्या सोबतीने अश्मयुगीन दगडी हत्यारे. एका मोजणीने त्या राखेचे वय चौदा लाख वर्षे ठरवले, दुसरीने सुमारे पावणेसात लाख, आणि सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ती राख आहे असे तिसरे मत पुढे आले. थर एकच आहे आणि काठावर उभे राहिले की डोळ्यांना दिसतो. त्याचे वय कशाच्या आधारावर ठरवले, तिथे सगळे अडते.

मेहलींच्या बाबतीतही प्रत्येक विधान कशावर टेकलेले आहे ते पाहावे. ‘दहा आणि दहा’ ही गोळाबेरीज आहे. अशी वाक्ये माणूस मोठा झाल्यावर, मागे वळून, परिचयाच्या सोयीसाठी लिहिली जातात. ‘वडील चार वर्षे घरी नव्हते’ ही नऊ वर्षांच्या मुलाची आठवण आहे. महिने चुकतील, पण बाप घरात होता की नव्हता याबद्दल मूल चुकत नाही. म्हणून मी दुसरे विधान प्रमाण मानतो आणि पहिले आकुंचित करतो : मेहलींची मुंबईतली संचालकपदाची खरी वर्षे परत आल्यानंतरची, १९४९च्या सुमारापासून पाच-सहा. हा नुसता तारखांचा काथ्याकूट नाही. झुबिन घडला तो नेमका याच पाच-सहा वर्षांत. परदेशातून नवी विद्या घेऊन आलेला, घाईतला, अपुऱ्या वाद्यवृंदाला वळण लावू पाहणारा बाप त्याच्या वाट्याला आला, तोही तेरा ते अठरा या वयात.

त्या वर्षांत मुलाने काय केले? विसाव्या शतकातल्या संचालकांपैकी फार थोड्यांना मिळाले असे शिक्षण त्याला घरात मिळाले. मेहलींनी १९४० मध्ये काढलेल्या बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटच्या परंपरेतल्या चौकडीच्या तालमी तो रोज ऐकत होता. किशोरवयात वडिलांनी त्याला वाद्यवृंदाच्या एकेका विभागाची तालीम घ्यायला लावली. नुसती व्हायोलिने घ्यायची, सूर जुळवायचे, अडलेली चार मापे पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायची, असे ते काम. सोळाव्या वर्षी तो अख्ख्या वाद्यवृंदाची तालीम घेत होता. सोळावे वर्ष म्हणजे १९५२.

तालीम घेणारा मुलगा समोरच्या माणसांपेक्षा वीस-तीस वर्षांनी लहान होता. ती माणसे रात्रभर हॉटेलात वाजवून आलेली असत आणि त्यांना कामाचे दोन पैसेही फार मिळत नसत. त्यांच्यापुढे मिजास चालण्यासारखी नव्हती. काय चुकले ते कानाने ओळखून, कमीत कमी शब्दांत सांगून, पुढे जायचे. पुढच्या आयुष्यात झुबिन मेहतांविषयी वादकांनी ज्या ज्या गोष्टी नोंदवल्या, त्यांत त्यांच्या हातांची स्पष्टता आणि तालमीतला मोकळेपणा या दोन वारंवार येतात. दोन्हींची उगमाची जागा मला इथे दिसते.

घरी आई तेहमिनाबाईंचा आग्रह होता तो प्रतिष्ठेच्या पेशाचा. माझगावच्या सेंट मेरीज शाळेतून झुबिन सेंट झेवियर्स महाविद्यालयात वैद्यकीच्या वाटेवर गेला. दोन वर्षांत ती वाट सुटली. धाकटा भाऊ झरीन हिशेबतपासनीस झाला आणि तोही पुढे वाद्यवृंदांच्याच कारभारात गेला. मॉन्ट्रियल सिंफनी आणि नंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या दोन्ही संस्थांचा कारभार त्यांनी सांभाळला. एका घरातून संचालक आणि व्यवस्थापक दोन्ही निघाले.

१९५४ मध्ये अठरा वर्षांचा झुबिन व्हिएन्नाला पोचला. शहर अजून चार दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होते, आणि बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले ऑपेरागृह पुन्हा उघडायला वर्षभर अवकाश होता. महिन्याला ७५ डॉलरमध्ये सारे भागवायचे होते. संगीत अकादमीत हान्स स्वारोव्स्की हे गुरू आणि डबल बास हे वाद्य. डबल बास निवडणे हुशारीचे होते, कारण बासवाला मागे उभा असतो आणि तिथून सगळा वाद्यवृंद दिसतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा पहिला कार्यक्रम त्याने ऐकला तो कार्ल ब्योम यांच्या संचालनाखालचा, ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचा. मुंबईच्या अपुऱ्या वाद्यवृंदावर वाढलेल्या कानांवर तो भरगच्च नाद एकदम कोसळला. त्या संध्याकाळविषयी ते आयुष्यभर बोलत आले आहेत.

मोठ्या संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांना बंद असत. तेव्हा झुबिन आणि त्याचा वर्गबंधू क्लाउडिओ अब्बाडो या दोघांनी गायकवृंदात नाव घातले आणि खर्जाच्या रांगेत उभे राहून ब्रूनो वॉल्टर आणि कारायान यांच्या तालमी समोरून पाहिल्या. प्रेक्षकाला संचालकाची पाठ दिसते आणि गायकवृंदाला चेहरा. मुंबईत वडिलांच्या समोर बसून जे शिकला तेच तो इथे निराळ्या खुर्चीवरून शिकत होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव चिरडला गेला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. तेव्हा त्याने विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद गोळा केला आणि व्हिएन्नाजवळच्या छावणीत जाऊन कार्यक्रम केला. युद्ध किंवा संकट जिथे असेल तिथे वाद्यवृंद घेऊन जाण्याची त्यांची पुढची सवय तेव्हापासूनची. १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध, १९९१ चे आखाती युद्ध, जून १९९४ मध्ये सारायेव्होच्या जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयात मोझार्टचे ‘रेक्विएम’, सप्टेंबर २०१३ मध्ये श्रीनगरची शालिमार बाग. यातल्या शेवटच्या कार्यक्रमावरून काश्मिरात मोठा वाद झाला आणि तो वादही या कारकिर्दीच्या नोंदीचा भाग आहे.

इकडे मेहली १९५५ मध्ये मँचेस्टरला सर जॉन बार्बिरोली यांच्या हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर झाले. ते गेले आणि मुंबईतला वाद्यवृंद विरत गेला. १९५८ मध्ये, मँचेस्टरपासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या लिव्हरपूलमध्ये, झुबिन मेहतांनी संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. बक्षीस म्हणजे वर्षभराची सहायकाची नोकरी. ती वर्षभरच टिकली. त्याच साली टँगलवूडला दुसरे बक्षीस मिळाले. नोकरी संपल्यावर काही काळ हाती फारसे काम नव्हते.

आणि मग बदली म्हणून उभे राहण्याचे सत्र सुरू झाले. १९६० मध्ये मॉन्ट्रियलला इगोर मार्केविच येऊ शकले नाहीत, त्यांच्या जागी झुबिन मेहता. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रिट्झ राइनर आजारी, त्यांच्या जागी झुबिन मेहता. त्याच वर्षी इस्रायल फिलहार्मोनिकला यूजीन ऑर्मंडी आले नाहीत, त्यांच्याही जागी झुबिन मेहता. वर्षभराच्या आत तीन वेळा ऐनवेळी उभे राहणे, आणि पुढे या तिन्ही वाद्यवृंदांचे प्रमुखपद.

इथे कागदांविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. कार्यक्रमपत्रिका आठवडे आधी छापल्या जातात. संचालक ऐनवेळी बदलला की पत्रिकेत जुनेच नाव राहते आणि आत बदलाची एक लहान चिठ्ठी सरकवतात. चिठ्ठी सहज हरवते, पत्रिका शिल्लक राहते. नुसत्या छापील पत्रिकेवर विसंबणारा अभ्यासक त्या रात्री राइनरच उभे होते असे लिहून मोकळा होईल. म्हणून पत्रिकेच्या शेजारी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले परीक्षण ठेवूनच वाचायचे. झुबिन मेहतांच्या कारकिर्दीची पहिली दोन वर्षे अशी चिठ्ठ्यांवर उभी आहेत.

नशीब? ते होतेच. पण दुसऱ्याने ठरवलेला कार्यक्रम, अनोळखी वादक आणि हातात दोन-तीन तालमी, एवढ्यावर उभे राहायला कृती आधीपासून डोक्यात असावी लागते. तालमीत वेळ कुठे घालवायचा आणि कुठे सोडून द्यायचे हे कळावे लागते. कावसजी जहांगीर हॉलमध्ये वडिलांच्या जागी उभे राहणाऱ्या मुलाला ही विद्या ठाऊक होती. बदली संचालक म्हणून त्याची तयारी पहिल्यापासून चालली होती, असे मी म्हणेन.

लॉस एंजेलिसला एक मोठी नाट्यमय घटना घडली. जॉर्ज शोल्टी संगीत संचालक म्हणून ठरले होते. त्यांना न विचारता झुबिन मेहतांना सहायक नेमले गेले आणि शोल्टींनी पदच सोडले. १९६२ मध्ये सव्विसाव्या वर्षी तो वाद्यवृंद झुबिन मेहतांकडे आला. मॉन्ट्रियलही १९६७ पर्यंत हाती होतेच. डिसेंबर १९६४ मध्ये लॉस एंजेलिसचे नवे डोरोथी चँडलर सभागृह त्यांच्या संचालनाने आणि याशा हायफेट्झ यांच्या व्हायोलिनने उघडले. १९६६ च्या पद्मभूषण यादीत त्यांचे नाव आहे. १९६७ मध्ये ते लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद घेऊन मुंबईला आले. जानेवारी १९६८ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले. त्याच सुमारास न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविषयी ते इतके तिखट बोलले की वादकांच्या संघटनेपुढे त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने त्यांना प्रमुख केले आणि ते १९९१ पर्यंत, तेरा वर्षे, तिथे राहिले.

न्यूयॉर्कच्या त्या संस्थेने आपले जुने कार्यक्रम आणि खुणा केलेल्या स्वरलिप्या संगणकावर खुल्या केल्या आहेत, त्यामुळे तिथला काळ तपासणे आज घरबसल्या शक्य आहे. त्यात एप्रिल १९८१ चा एक कार्यक्रम भारतीय वाचकाने जरूर पाहावा : पंडित रविशंकर यांची सतारीसाठीची दुसरी कॉन्चेर्टो, ‘रागमाला’. पहिलाच प्रयोग, सतार रविशंकर यांची, संचालन झुबिन मेहतांचे. पत्रिकेत ही एक ओळ दिसते. तिच्यामागे दोन पद्धतींचा झगडा आहे. सतारिया मनात येईल तसा राग फुलवणार आणि समोर बसलेले शंभर वादक कागदावर लिहिलेलेच वाजवणार. संचालकाने एकाचे स्वातंत्र्य राखायचे आणि बाकीच्यांना नेमक्या मात्रेवर आत आणायचे. हे काम मुंबईत वाढलेल्या माणसाकडे यावे यात मला औचित्य दिसते.

इस्रायल फिलहार्मोनिकशी त्यांचे नाते सर्वांत दीर्घ. १९६९ मध्ये सल्लागार, १९७७ मध्ये संगीत संचालक, १९८१ मध्ये ते पद तहहयात. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतःहून निवृत्त. १९८१ मध्येच तेल अविव्हला त्यांनी जादा तुकडा म्हणून, नाझींच्या आवडीचा म्हणून तिथे नकोसा झालेला वॅग्नर वाजवायला घेतला, नको असेल त्याने जावे असे आधी सांगून. तरी सभागृहात गदारोळ झाला. नाझी छळातून वाचलेल्या एका माणसाने व्यासपीठापाशी जाऊन आपल्या अंगावरचे व्रण उघडे करून दाखवले. भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जोडले आणि हा वाद्यवृंद घेऊन झुबिन मेहता १९९४ मध्ये मुंबईत आले. व्हिएन्नाचे नववर्षाचे पाच कार्यक्रम, १९९० मध्ये रोमला तीन टेनर गायकांचा तो गाजलेला मेळ, फ्लोरेन्स आणि म्युनिकची पदे ही सगळी कामे कोणत्याही परिचयात मिळतात. २००१ चे पद्मविभूषणही. पारपत्र त्यांनी भारताचेच ठेवले.

मेहली मँचेस्टरहून १९५९ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये गेले आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला आले. मुलाचा वाद्यवृंद त्याच शहरात होता. बापाने तिथे तरुणांसाठी निराळाच, अमेरिकन यूथ सिंफनी, सुरू केला आणि ३३ वर्षे चालवला. मुंबईत जे पुरेशा माणसांअभावी अर्धे राहिले ते त्यांनी छपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून मांडले. २००२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे विद्यार्थी अमेरिकेच्या अनेक वाद्यवृंदांत बसलेले होते. त्यांच्या नावाची संस्था १९९५ पासून मुंबईत मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते आहे.

मुंबईत त्यांच्यामागे प्रयत्न थांबले नाहीत. १९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी सिनेमाच्या वादकांना एकत्र करून इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर बेतलेल्या रचना झेवियर्सच्या प्रांगणात सादर केल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. तोही फार टिकला नाही. २००६ मध्ये एनसीपीए या मुंबईतल्या कलासंस्थेत खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहतांनी प्रथमच या वाद्यवृंदाचे संचालन केले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. समोर बसलेल्यांत कझाकस्तानातून आणि इतर देशांतून आलेले वादक पुष्कळ होते, भारतीय थोडे. त्या थोड्यांची संख्या वाढावी म्हणून एनसीपीएच्या अकादमीत लहान मुले व्हायोलिन आणि चेलो शिकतात.